आभाळ निवळलं, डोंगर अजून निवळायचाय

३० जानेवारी २०२३ला श्रीनगरमध्ये भारत जोडो यात्रेची सांगता सभा झाली, ती भर हिमवृष्टीत. डोक्याखांद्यांवर बर्फ साचत असताना भाषणं करणाऱ्या नेत्यांची दृश्यं देशभर पाहिली गेली. त्याच दिवसांतल्या हिमवृष्टीची दुसरी बातमी लगेचच आली आणि तितक्याच लवकर मागे पडली. १ फेब्रुवारीला गुलमर्गजवळच्या अफरवाट डोंगरावर, हापतखुड भागात, हिमस्खलन झालं. दोन पोलिश स्कीपटू त्यात मरण पावले. एकोणीस परदेशी पर्यटकांना पोलिसांनी आणि स्थानिक माणसांनी बाहेर काढलं.

वर्षभराने जवळपास तसंच घडलं. २०२४चा जानेवारी काश्मीरने जवळजवळ कोरडा काढला होता. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना तिथे चिल्लई कलान म्हणतात. कडाक्याच्या थंडीचे हे दिवस, आणि पुढे उन्हाळ्यात झरे-नद्यांना पुरणारा बर्फही मुख्यतः याच काळात साठतो. त्या वर्षी मात्र गुलमर्गची कुरणं जानेवारीत उघडी होती. फेब्रुवारीत चित्र पालटलं आणि महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात गुलमर्गवर जोरदार बर्फ कोसळला. २१ तारखेला तिथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या, आणि २२ तारखेला कोंगदूरीच्या बाजूच्या उतारावर रशियन स्कीपटूंच्या गटावर हिमस्खलन झालं. एकाचा जीव गेला.

दोन्ही वेळा वादळाने आपलं काम करून पाठ फिरवली होती. हिमवादळात कुणी वर जात नाही. डोंगरावर नेणारा गोंडोला, म्हणजे रोपवे, बंद असतो, दोन हातांवरचं दिसत नाही. मग एका सकाळी आभाळ निवळतं. ऊन पडतं, देवदारांच्या फांद्या वाकलेल्या असतात आणि वरच्या साऱ्या उतारांवर एकही पाऊलखूण नसते. जगभरातून गुलमर्गला येणारे स्कीपटू याच सकाळची वाट पाहत आठ-आठ दिवस बसलेले असतात. आणि हिमस्खलनाच्या दृष्टीने वादळ थांबल्यानंतरचे हेच पहिले २४ ते ४८ तास सगळ्यांत वाईट. आपण आभाळाकडे बघून धोका मोजतो. बर्फाचा धोका आभाळात नसतो, तो पायाखालच्या थरांत असतो, आणि त्या थरांना आभाळ निवळल्याची खबर उशिरा पोचते.

हिवाळ्यात हिमालयावर बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात. भूमध्य सागराकडून निघालेल्या या प्रणाली इराण-अफगाणिस्तान ओलांडत येतात, वाटेत कास्पियन आणि अरबी समुद्रावरची वाफ उचलतात, आणि काश्मीरमध्ये पहिली मोठी आडवी भिंत मिळते ती पीर पंजालची. अफरवाट याच रांगेत. गोंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला कोंगदूरीच्या सुमारे ३,०५० मीटरवरून थेट ३,९५० मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. तिथून एका बाजूला गोंडोलाखालचा, गस्ती पथकाच्या देखरेखीतला पट्टा आहे. त्या पट्ट्याच्या हद्दीची दोरी ओलांडून पलीकडे गेलं की मात्र डोंगर जसा आहे तसा. तिथे सुरुंग लावून बर्फ आधीच पाडलेला नसतो, वाट आखलेली नसते, उतार कुणी तपासलेला नसतो. दहा मिनिटांच्या पाळण्याच्या प्रवासाने माणूस एवढ्या उंचीवर पोचतो, की इथवर चालत येणाऱ्याला वाटेत बर्फाबद्दल जे कळलं असतं ते कळायला त्याला वेळच मिळत नाही.

डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर, दोन हिमवृष्ट्यांमधल्या उन्हाचा एक, वाऱ्याने घासलेला एक, असा हिवाळा तिथे थराथराने साठत जातो. उभा खड्डा खणला तर भिंतीवर हे थर बोटाने चाचपता येतात: इथे बोट सहज शिरतं, इथे पेन्सिलच जाते, इथे सुरी लागते. हिमतज्ज्ञ खरोखरच मूठ, चार बोटं, एक बोट, पेन्सिल आणि सुरी अशीच कठीणपणाची मोजणी करतात. कठीण थर म्हणजे सुरक्षित आणि मऊ म्हणजे धोकादायक, असं मात्र नाही. धोका असतो तो मऊ थरावर कठीण थर बसतो तेव्हा.

तो मऊ थर तयार कसा होतो, हे मला या साऱ्या विषयातलं सगळ्यांत विलक्षण प्रकरण वाटतं. बर्फाखालची जमीन हिवाळाभर शून्य अंशाच्या आसपासच राहते, कारण वरचा बर्फ तिला थंडीपासून झाकून ठेवतो. वरची हवा मात्र उणे पंधरापर्यंत उतरते. समजा, बर्फ जेमतेम ३० सेंटिमीटर आहे. म्हणजे एवढ्याशा जाडीत पंधरा अंशांचा फरक, दर दहा सेंटिमीटरला पाच अंश. हा फरक दहा सेंटिमीटरला साधारण एक अंशाच्या वर गेला, की खालच्या उबदार कणांतून वाफ वर सरकू लागते आणि वरच्या थंड कणांवर गोठते. कणांमधले जुने सांधे त्यात नाहीसे होतात, आणि त्यांच्या जागी मोठे, पैलूदार, एकमेकांना न धरणारे स्फटिक वाढतात. हा बर्फ हातात घेऊन कितीही दाबा, गोळा होत नाही. साखरेसारखा बोटांतून निसटतो. हेच गणित दोन मीटर जाड बर्फाला लावून पाहा. पंधरा अंशांचा फरक दोनशे सेंटिमीटरवर पसरला की दर दहा सेंटिमीटरला पाऊण अंशच उरतो. मग उलट क्रिया चालते: कण गोलसर होतात, एकमेकांना चिकटतात, थर बळकट होतो.

याचा अर्थ पहिल्यांदा ऐकताना पटत नाही, पण तो सरळ आहे. कमी बर्फाचा हिवाळा अधिक दगाबाज असू शकतो. सुरुवातीला थोडासा बर्फ, मग आठवडेच्या आठवडे कोरडी, निरभ्र, कडक थंडी, आणि मग एकाएकी मोठं वादळ, ही मालिका हिमतज्ज्ञांना सगळ्यांत नकोशी. बर्फाशिवाय रखडलेला पर्यटक नेमका याच वादळाची आतुरतेने वाट पाहत असतो.

असा कमकुवत थर पृष्ठभागावरही जन्मतो. निरभ्र, शांत रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाला देऊन टाकतो आणि हवेतली वाफ थेट त्याच्यावर गोठते. सकाळी उतारभर उभे, पातळ, चमकणारे तुषार दिसतात. दिसायला फार सुंदर. त्यांच्यावर नवा बर्फ पडला की ते गाडले जातात आणि तिथेच उभे राहतात, कित्येकदा आठवडेच्या आठवडे, वरचा सारा भार नाजूक पायांवर पेलत.

आता वादळ येतं. त्यातलं पहिलं काम वजनाचं. ताशी दोन-तीन सेंटिमीटरने बर्फ पडू लागला, किंवा चोवीस तासांत ३० सेंटिमीटर साचला, की खालच्या थरांना सावरायला सवड मिळत नाही. बर्फ हळूहळू वाढलेला भार बऱ्यापैकी सोसतो, त्याला घाई सोसत नाही. दुसरं काम वाऱ्याचं, आणि ते पहिल्याहून मोठं. वादळी वारा डोंगराच्या एका बाजूचा बर्फ खरवडतो आणि कण्याच्या पलीकडे, आडोशाच्या बाजूला, नेऊन टाकतो. आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या कितीतरी पटींनी वेगाने तिथे थर चढतो. वाटेत हिमकणांचे हात-पाय मोडतात, त्यांची बारीक पूड होते, आणि ती पूड पलीकडे घट्ट, सलग बसते. खाली गावात वीतभर बर्फ मोजला म्हणून वरच्या आडोशाच्या उतारावरही वीतभरच असेल असं नाही. तिथे तो छातीइतका असू शकतो. कण्यावर बाहेर झुकलेला बर्फाचा छज्जा दिसला, तर त्याखालच्या उतारावर वाऱ्याने माल टाकला आहे हे निश्चित समजावं.

वाऱ्याने बसवलेला हा घट्ट थर म्हणजे स्लॅब. बर्फाने माणसं मरतात ती बहुतेक याच प्रकारच्या स्खलनात. भुसभुशीत बर्फ सुटतो तो एका बिंदूपासून, खाली पसरत जातो, आणि पुष्कळदा माणसाला त्यातून बाजूला होता येतं. स्लॅबचं तसं नाही. माणसाच्या वजनाने खालच्या साखरी थरात एका जागी चीर पडते. ती चीर उताराला समांतर, बर्फाच्या पोटातून, सेकंदाला कित्येक मीटर वेगाने धावते. आधार गेलेला वरचा थर मग एकदम तुटतो आणि बहुतेक वेळा तुटल्याची रेषा माणसाच्या वरच्या बाजूला असते. म्हणजे तो तुटणाऱ्या तुकड्याच्या मधोमध उभा असतो. पन्नास मीटर रुंद, चाळीस मीटर लांब आणि अर्धा मीटर जाड स्लॅब घेतला, आणि घनमीटरला दोनशे किलो वजन धरलं, तर ते दोनशे टन होतात. डोंगराच्या हिशेबात हे हिमस्खलन लहान आहे. सुक्या स्लॅबचं स्खलन काही सेकंदांत ताशी ८० ते १३० किलोमीटरचा वेग गाठतं.

स्कीपटूच्या वजनाचा परिणाम साधारण एक मीटर खोलीपर्यंत पोचतो. म्हणूनच कमकुवत थर फार खोल असेल, तर एकामागून एक पंधरा जण सुखरूप उतरून जातात, आणि सोळावा नेमका अशा जागी वळतो जिथे खडकावरून बर्फ पातळ झाला आहे. तिथे चीर पडते आणि सगळा उतार सुटतो. आधीच्या पंधरांच्या रेघा पाहून "वाट झालेली आहे" असं म्हणणं किती पोकळ आहे, ते यावरून कळावं. प्राणघातक हिमस्खलनांपैकी दहातली सुमारे नऊ स्वतः मृताने किंवा त्याच्याच गटातल्या कुणीतरी सुरू केलेली असतात. आवाजाने, हाका मारल्याने डोंगर सुटतो ही समजूत चित्रपटांनी पसरवलेली. ओरडण्याचा दाब त्यासाठी फारच अपुरा असतो.

थंडीबद्दलही गैरसमज आहे. कडाक्याची थंडी पडली म्हणजे बर्फ पक्का झाला, असं आपल्याला वाटतं. नव्या बर्फाला बसायला, कणांना एकमेकांशी सांधायला, थोडी ऊब लागते. उणे तीन-चार अंशांत तो दोन-तीन दिवसांत बऱ्यापैकी स्थिरावतो. उणे पंधरात त्याच कामाला आठवडा लागू शकतो आणि साखरी थर तर महिनाभर तसाच राहतो. याउलट वादळानंतर अचानक आलेली ऊबही घातक: ऊन लागलेला नवा बर्फ जड आणि ढिला होतो, आणि तो स्थिरावण्याआधीच सरकतो. वादळाच्या सुरुवातीला थंड, हलका बर्फ आणि शेवटी तापमान चढून ओला, जड बर्फ पडला असेल, तर उतारावर ओझं उलटं रचलं गेलेलं असतं. पीर पंजालचा बर्फ मुळात जड आणि तुलनेने उबदार. काराकोरमचा कोरडा आणि अतिथंड. मधल्या मुख्य हिमालय रांगेचा या दोहोंमधला. अफरवाटवर शिकलेला अंदाज लडाखमध्ये लागू होत नाही.

मग तपासायचं कसं? डोंगर स्वतः बरंच सांगतो आणि बहुतेक वेळा त्यासाठी यंत्र लागत नाही. आसपासच्या तशाच तोंडाच्या उतारांवर ताजी स्खलनं दिसत असतील, तर आणखी पुरावा शोधायचं कारण उरत नाही. चालताना पायाखाली धप्प असा दबका आवाज येऊन बर्फ किंचित खचला, तर तो कमकुवत थर मोडल्याचा आवाज आहे. सपाटीवर आहात म्हणून वाचलात. स्कीच्या टोकापासून पुढे चिरा धावताना दिसल्या, तर ताबडतोब मागे फिरायचं. याउपर खड्डा खणून करायच्या चाचण्या आहेत. त्यातली एक मला फार बोलकी वाटते. बर्फात ९० सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने ३० सेंटिमीटर असा स्तंभ चारही बाजूंनी मोकळा कापतात. त्याच्या एका टोकावर फावडं आडवं ठेवून त्यावर हाताने थापट्या मारतात: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कुठल्या थापटीला चीर पडली हे महत्त्वाचं, पण त्याहून महत्त्वाचं हे, की ती चीर टोकाखालीच थांबली की स्तंभाच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावली. धावली, तर तो उतारही धावणार. मात्र चाचणी बरी आली म्हणून उतार निर्धोक ठरत नाही, कारण बर्फ दहा पावलांवर बदलतो. चाचणीने नकार दिला तर तो मानायचा. होकार दिला तर त्यावर विसंबायचं नाही.

या सगळ्या अनिश्चिततेत एक गोष्ट मोजता येते आणि ती खोटं बोलत नाही: उताराचा कोन. स्लॅब सुटतात ते मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, आणि त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वाधिक. त्याहून फार उभ्या कड्यावर बर्फ टिकतच नाही, सतत निसटत राहतो. पंचवीस अंशांखाली स्लॅब सहसा सुटत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना हे मोठं फसवं आहे. आपल्याकडे भीती वाटते ती उघड्या कातळटप्प्याची, खालच्या खोल दरीची. पस्तीस अंशांचा पांढरा, गुळगुळीत उतार पाहून सह्याद्रीतल्या भटक्याच्या पोटात गोळा येत नाही. तिथे घसरगुंडी करावीशी वाटते. जो कोन सगळ्यांत निरागस दिसतो तोच सगळ्यांत घातक, म्हणून कोन नजरेने ठरवू नये. मोबाइलमधल्या साध्या अॅपनेही तो मोजता येतो. आणि आपण उभे असलेली जागा सपाट आहे एवढंही पुरत नाही; वर काय टांगलेलं आहे ते पाहावं लागतं.

खालची माणसं तर कुठल्याच उतारावर चढलेली नसतात, तरी मरतात. मार्च १९७९मध्ये लाहौल खोऱ्यात हिमस्खलनांनी दोनशेहून अधिक बळी घेतले. फेब्रुवारी २००५मध्ये कुलगाम भागातलं वाल्टेंगू नार गाव असंच सलग हिमवृष्टीनंतर दबलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. २८ फेब्रुवारी २०२५ला बद्रीनाथच्या पुढे माणाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर बर्फ आला. ५४ कामगार होते. ४६ वाचले, आठ गेले. अनेक जण लोखंडी कंटेनरमध्ये होते आणि त्या पोकळीतल्या हवेने त्यांना तारलं. आदल्या संध्याकाळीच चंडीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेने, डीजीआरईने, चमोलीसह उत्तराखंडच्या उंच भागांसाठी चोवीस तासांचा इशारा दिलेला होता. ही तीच संस्था, जिची मूळ शाखा १९६९पासून मनालीत ‘सासे’ नावाने बर्फाचा अभ्यास करत होती. तिचे इशारे जिल्हावार आणि धोक्याच्या पातळीसह निघतात, बातम्यांतही येतात. इशारा आणि छावणी यांच्यामधलं अंतर कसं कापायचं, हे काम अजून शिल्लक आहे, आणि ते आपल्या यंत्रणांनी फार गांभीर्याने घ्यायला हवं. रस्त्यावर काम करणाऱ्या मजुराला "आज जायचं नाही" म्हणायची मुभा नसते. हौशी माणसाला ती असते.

तरी हौशी माणूस ती वापरत नाही. अमेरिकेत इयन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातले ७१५ अपघात तपासले, तेव्हा दिसलं की धोक्याच्या उघड खुणा बहुतेकांच्या समोर होत्या. ओळखीचा डोंगर, आधीच ठरवून टाकलेलं लक्ष्य, गटात कुणीतरी ‘जाणकार’ असणं, दुसरे लोक जाताना दिसणं, अस्पर्श उतार आपल्या आधी कुणी गाठेल ही धास्ती, चारचौघांत कच्चं न दिसण्याची इच्छा: निर्णय यांवरून होत होते. सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष असा, की ओळखीच्या डोंगरावर प्रशिक्षण घेतलेले लोकही न घेतलेल्यांइतकाच धोका पत्करत होते.

याचा नमुना म्हणून १९ फेब्रुवारी २०१२ची घटना जगभर अभ्यासली जाते. वॉशिंग्टन राज्यात कॅस्केड पर्वतातलं स्टीव्हन्स पास. फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या निरभ्र दिवसांत तिथे पृष्ठभागावर तुषारांचा थर उगवला होता. मग वादळाने त्याच्यावर भरपूर नवा बर्फ आणून घातला. वादळ ओसरल्यावर रविवारी सोळा जण टनेल क्रीकच्या उतारावर गेले. हे नवखे नव्हते. त्यांत व्यावसायिक स्कीपटू होते, स्की क्षेत्राशी संबंधित माणसं होती, तो डोंगर वर्षानुवर्षं ओळखणारे होते. पुढे त्यांतल्या काहींनी सांगितलं, की मनात शंका होती, एवढा मोठा गट योग्य वाटत नव्हता. कुणी मोठ्याने बोललं नाही. प्रत्येकाला वाटलं, इतके जाणते बरोबर आहेत तर ठीकच असेल. उतार सुटला. तिघे मेले, एकीला पाठीवरच्या एअरबॅगने वाचवलं. जॉन ब्रँच यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लिहिलेल्या दीर्घ वृत्तांताला २०१३चं पुलित्झर मिळालं. मला या घटनेत बर्फाहून जास्त भीती वाटते ती त्या सोळा जणांच्या शांततेची. शंका बोलून दाखवण्याची रीत गटात आधीच पडलेली नसेल, तर आयत्या वेळी ती पडत नाही.

गाडल्या गेलेल्या माणसाचं काय होतं, हे स्पष्टच सांगायला हवं. वाहताना बर्फाचे कण एकमेकांवर घासून बारीक होतात आणि थांबताक्षणी सांधतात. बर्फ इतका घट्ट बसतो की बोट हलत नाही. छातीही फुगवता येत नाही. स्वतःहून बाहेर येणं बहुधा अशक्य. आघाताने न मेलेला माणूस गुदमरून मरतो: सोडलेला श्वास तोंडासमोर गोठतो आणि तोच कार्बन डायऑक्साइड परत आत जातो. १९९४मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या स्विस आकडेवारीनुसार १५ मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के वाचले, ३५ मिनिटांनी हे प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. अलीकडच्या अभ्यासांत तर पहिली मुदत दहा मिनिटांपर्यंत आक्रसली आहे. सियाचिनच्या सोनम चौकीवर ३ फेब्रुवारी २०१६ला दहा जवान गाडले गेले. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले ते तंबूत हवेची पोकळी राहिल्यामुळे, आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचं निधन झालं. आपल्या साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक जवानही त्या दहांत होता. सहा दिवसांच्या त्या झुंजीने देश हेलावला, पण तिच्यावरून बर्फाखाली किती काळ तग धरता येतो याचा हिशेब बांधू नये.

दहा-पंधरा मिनिटांत हेलिकॉप्टर येत नाही, लष्कराची तुकडीही पोचत नाही. वाचवू शकतात ते फक्त सोबत असलेले आणि स्वतः न गाडले गेलेले. म्हणून गटातला प्रत्येक जण तीन वस्तू अंगावर बाळगतो: ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारा-घेणारा ट्रान्सीव्हर, जोडून लांब होणारी शोधकाठी, आणि धातूचं फावडं. तिन्हींपैकी एक नसेल तर उरलेल्या दोन फारशा कामाच्या नाहीत. ट्रान्सीव्हरने जागा सापडते, काठीने खोली कळते, पण मीटरभर खाली असलेल्या माणसापर्यंत पोचायला टनभर घट्ट बर्फ उपसावा लागतो, आणि हातांनी तो उपसत नाही. आणि म्हणूनच धोक्याचा उतार एका वेळी एकानेच ओलांडायचा असतो, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची असते. सगळे एकदम उतारावर गेले, तर काढायला कुणी उरत नाही.

महाराष्ट्रातून आता दर हिवाळ्यात केदारकांठा, ब्रह्मताल अशा बर्फातल्या वाटांवर शेकडो तरुण जातात, गुलमर्गला स्की शिकायला जाणारेही वाढत आहेत. या वाटांपैकी पुष्कळ भाग सौम्य उतारांचा आणि रानातून जाणारा आहे, तिथे जाऊ नका असं मी मुळीच म्हणणार नाही. मला काळजी वाटते ती आपल्या वेळापत्रकाची. पुण्या-मुंबईहून निघताना रजा मोजून घेतलेली असते, परतीचं तिकीट काढलेलं असतं, शिखराचा दिवस छापील कार्यक्रमात ठरलेला असतो. वादळाने दोन दिवस तंबूत डांबून ठेवलं, तर राखीव दिवस संपतो, आणि आभाळ निवळलेल्या पहिल्याच पहाटे सगळा तळ वर निघतो. मॅकॅमन यांच्या यादीतलं ‘आधीच ठरवून टाकलेलं लक्ष्य’ आपल्याकडे तिकिटाच्या रूपात येतं.

यावर उपाय घरी बसूनच करता येतो. आयोजकाला पैसे भरण्याआधी विचारावं: हिमवृष्टीनंतर किती काळ थांबता? थांबावं लागलं तर पर्यायी वाट कोणती? डीजीआरईचा इशारा रोज कोण पाहतं आणि तो गटाला कधी सांगतं? वाटेतल्या कुठल्या भागात उतार तीस अंशांच्या वर आहे, किंवा तसा उतार डोक्यावर आहे? ज्याला ही उत्तरं तोंडपाठ आहेत त्याच्याबरोबर जावं. आणि वादळानंतर दोन दिवस शिखर सोडून द्यावं लागलं, तरी डोंगर सोडावा लागत नाही. वर कुठलाही मोठा उतार टांगलेला नसलेल्या, पंचवीस अंशांखालच्या रानवाटा आणि कुरणं त्याही दिवशी चालायला मोकळी असतात, आणि नवा बर्फ तिथेही तितकाच गुडघाभर असतो.